बिनहाताच्या दोन खुर्च्या

प्रिय चेलोवाल्या,

‘प्रिय’ हे पत्राची रीत म्हणून लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि यानंतरही लिहायचा विचार नाही. फोन करता आला असता, पण फोनवर तू समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, आणि अडचणीचं काही निघालं की ‘बरं बरं, बघू’ म्हणून ठेवून देतोस. कागदाला तसं करता येत नाही. तेव्हा चष्मा शोध, बस, आणि तुझ्या फुलवालीला म्हणावं, दहा मिनिटं जरा कात्री खाली ठेव. तिची कात्री चालू असली की तुझं लक्ष कुठे असतं ते मला चांगलं माहीत आहे.

विषय लेकीच्या लग्नाचा आहे. आमंत्रण तुला मिळालंय आणि ‘आम्ही दोघं येतो’ असं तू कळवलंयस. (‘दोघं’खाली रेघ मारायची काही गरज नव्हती.) आज लग्नाला एकोणीस दिवस उरले. कपडे झाले, जेवणवाला ठरला, नोंदणी करणाऱ्या बाईंची वेळ मिळाली. एकच गोष्ट अडलीय आणि ती नेमकी माझ्या वाट्याची आहे. लेक फाटकातून निघून सह्या करायच्या टेबलापर्यंत चालत येईल, तेवढ्या वेळाचं संगीत. तिला समोर बसून वाजवणारी माणसं हवीत, एक व्हायोलिन आणि एक चेलो, बाकी काही नको. व्हायोलिनला मी आहे. चेलोला कुणी नाही. तू म्हणशील, मग मला का नाही विचारलं. थांब. तिथे मी येणार आहे, पण माझ्या वेळेनं येणार आहे, आणि तोवर तू ऐकून घेणार आहेस.

जागा म्हणजे वाचनालयाच्या मागची बाग. आपण तिथे दोनदा वाजवलंय. विटांची उंच भिंत, खडीचा रस्ता, मधोमध ते कधीच न चालणारं कारंजं. ऐन उन्हाळा आणि वेळ दुपारी साडेचारची. वेळ जावयानं ठरवली. तो दातांचा डॉक्टर आहे, पोरगा सोन्यासारखा आहे, पण ऊन म्हणजे काय ते त्याला खिडकीच्या काचेतूनच ठाऊक. साडेचारला भिंतीची सावली खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेपर्यंतच पोचते. मी ओळीनं तीन दिवस त्या वेळेला तिथे जाऊन उभी राहिले आणि खडीवर खडूनं खुणा केल्या. ग्रंथपालबाई दोनदा खिडकीतून डोकावून गेल्या, तिसऱ्या दिवशी पाणी घेऊन आल्या. फोटोवाला म्हणतो, वादक उन्हात हवेत, सावलीत चेहरे काळे येतात. मी म्हटलं, बाबा रे, माझा चेहरा काळा आला तर जग बुडत नाही, वाद्याचा सांधा सुटला तर बुडतं. उन्हात सरस सुटतो, तारा उतरतात, हनुवटीखाली घामानं व्हायोलिन निसटायला लागतं, हे त्याला कोण समजावणार. तुला समजावायला नको. भर लग्नात तुझ्या चेलोची बाजू उकलली होती आणि तू गुडघ्यानं ती दाबून धरून अर्धा तास वाजवत राहिलास, पुढे आठवडाभर लंगडलास. हे कौतुक म्हणून सांगत नाही, झालं ते सांगते.

खुर्च्यावाल्याला मी सांगितलं, वादकांना बिनहाताच्या खुर्च्या लागतात, हाताच्या खुर्चीत कोपर फिरत नाही. किती, त्यानं विचारलं. दोन, मी म्हटलं. दुसरीवर कोण बसणार याचा पत्ता नव्हता, पण सांगताना जीभ अडखळली नाही. वीस वर्षं ज्या तोंडानं ‘दोन’ सांगितलं त्याला ‘एक’ म्हणायची सवय नाही, इतकंच. यात काही शोधत बसू नकोस.

तर दुसरीवर कोण. आधी मी शाळेतल्या मास्तरांना विचारलं. तेच, निवृत्त झालेले, कानात केस असलेले. हात अजून गोड आहे त्यांचा. पण आयुष्यभर पोरांना शिकवून त्यांना एक खोड लागलीय. एक सूर चुकला की थांबतात, ‘पुन्हा पहिल्यापासून’ म्हणतात आणि खरंच पहिल्यापासून सुरू करतात. आमच्या बैठकीच्या खोलीत तासाभरात नऊ वेळा पहिल्यापासून झालं. लग्नात असं झालं तर लेकीनं काय परत फाटकाशी जायचं? मी त्यांना चहा दिला, आभार मानले आणि जिन्यापर्यंत पोचवलं. मग वाद्यवृंदातली एक मुलगी आली. वाजवणं म्हणशील तर तुझ्यापेक्षा साफ, हे मुद्दाम सांगते. पण तिनं पिशवीतून तापमापक काढलं, खिडकीत ठेवलं, पाच मिनिटांनी वाचलं आणि म्हणाली, एवढ्या उन्हात माझं वाद्य बागेत येणार नाही, मंडप घाला. वाचनालयवाले मंडपाला खड्डे खणू देत नाहीत. तिचं म्हणणं बरोबर होतं म्हणूनच मला राग आला. आणि घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी विहीणबाईंनी आपल्या भाच्याला पाठवलं. तो कीबोर्ड वाजवतो. एक बटण दाबलं की त्यातून व्हायोलिन येतं, दुसरं दाबलं की चेलो येतो, तिसरं दाबलं की टाळ्यासुद्धा येतात. विहीणबाई मला म्हणाल्या, म्हणजे तुम्हालाही वाजवायला नको, निवांत बसा. त्या बाईचं मन वाईट नाही. मी तोंडात पाणी धरून बसले आणि ते गिळायला मला बराच वेळ लागला.

यातल्या कुणावर तरी मी भागवलं असतं. मास्तरांना दटावून दटावून नीट केलं असतं. पण अडचण निराळीच आहे, आणि ती तुझी करणी आहे. लेकीला दुसरं काही नको, ती आपली धून हवी. तीच, लेक तीन महिन्यांची असताना दुपारभर पोट धरून रडायची आणि तू तिची टोपली चेलोला टेकवून ठेवायचास, जाड तारेवर हळूहळू काहीतरी वाजवायचास आणि लाकडातून ते घुमणं पोचून पोरगी गप्प व्हायची, त्यातून झालेली. पुढे तीच आपण लग्नांत वाजवायला लागलो, कारण ती कुणाची हे कुणालाच ओळखू यायचं नाही आणि सगळ्यांना ती ओळखीची वाटायची. तू ती कागदावर कधी उतरवली नाहीस. मी कितीदा म्हणाले. तू म्हणायचास, बोटांत आहे की. आता बस बोटं घेऊन. मास्तरांसाठी मी ती लिहायला बसले. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला तू खाली उतरून जे काही करायचास ते मला येत नाही. वीस वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून येत नाही, कारण तेव्हा माझं काम फाटकाकडे बघायचं असायचं. नवरी दिसली की मान मी हलवायची आणि बाकीचं तू बघायचं. मी चार कागद फाडले. पाचव्यावर तिसऱ्या फेरीची जागा मोकळी सोडली आणि मास्तरांना म्हटलं, इथे तुम्ही काहीतरी बरं घाला. त्यांनी जे घातलं ते बरंच होतं. लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली, दाराला टेकून ऐकलं, छान आहे म्हणाली आणि आत गेली. ती जेव्हा ‘छान आहे’ म्हणते तेव्हा ते छान नसतं, हे तुलाही कळेल. निदान एवढं तरी तिच्याबद्दल तुला कळत असावं.

आणि माप. तुझ्या फुलवालीला हे कळणार नाही म्हणून तिलाही वाचून दाखव, मला हरकत नाही. नवरी पोचली की त्याच क्षणी फेरी संपली पाहिजे. मध्येच तोडायची नाही आणि ती पोचल्यावर लांबवायची नाही. त्यासाठी लग्नाच्या सकाळी वाट चालून बघायची, तीनदा, आणि सगळ्यात संथ चालीला किती फेऱ्या झाल्या ते धरायचं. तुझा चेलो बैठा, म्हणून चालायचं काम माझं. पायात रबरी चपला, हातात फुलांच्या जागी मिटलेली छत्री, आणि रिकाम्या खुर्च्यांमधून मी नवरीसारखी चालत यायची आणि समोर तू वाजवत असायचास. दीडशे तरी नवरीमुलींच्या वाटा मी त्यांच्या आधी चालले असेन. आपल्या स्वतःच्या लग्नात चालायला वाटच नव्हती. कचेरीतल्या टेबलाशी दोन सह्या केल्या आणि दुपारी एका लग्नात वाजवायला गेलो, कारण तारीख आधीच दिलेली होती. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. हसूच आलं होतं.

आता त्या दिवसाचं. सात वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस की तुला कधी कळलं. तू धरून चाललास की तू सांगितलंस तेव्हा कळलं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, तुझ्या मनात तेवढंही नव्हतं. एका लग्नाची सकाळ, माझा पाय मुरगळला होता, घोट्याला पट्टी होती. ती फुलवाली सकाळपासून कमानीला फुलं बांधत होती आणि तू म्हणालास, हिला चालू दे. मी म्हटलं, चालू दे. तिच्या हातात तारेचं वेटोळं होतं, ते घेऊनच ती चालायला लागली. मी बाजूच्या खुर्चीवर पाय वर ठेवून बसले होते, हातात व्हायोलिन नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदाच मी नुसतं ऐकत होते. आणि तू संथ वाजवलंस. पहिल्या फेरीपेक्षा दुसरी संथ आणि दुसरीपेक्षा तिसरी. तू, ज्याच्या पोटात घड्याळ आहे असं सगळे वादक म्हणायचे. ती तुझ्या तालावर चालत होती, तू जितका संथ तितकी ती संथ, आणि ती वाट संपूच नये अशी तुझी खटपट चालली होती. तुला स्वतःला ते कळलं नव्हतं याची मला खात्री आहे. कळलं असतं तर तू लपवलं असतंस, लपवण्यात तू हुशार आहेस. दुपारी खरी नवरी आली आणि आपल्या चालीनं टेबलाशी पोचली, आणि तू सकाळचं माप धरून सकाळच्याच संथ तालात वाजवत राहिलास. बिचारी मिनिटभर नुसती उभी होती. नोंदणी अधिकाऱ्यानं दोनदा घसा साफ केला. मागाहून नवरीची आई येऊन म्हणाली, किती शोभून दिसलं ते थांबणं, मुद्दाम केलं होतं का. तू हो म्हणालास. मी शेजारी बसून गजाला राळ लावत होते. चार महिन्यांनी तू स्वयंपाकघरात उभा राहून मला जे सांगितलंस ते मला त्या मिनिटापासून माहीत होतं. त्या चार महिन्यांत मी भांडले का नाही असं तू तेव्हा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं की मला वाटलं तुझा ताल परत जागेवर येईल.

आणखी एक सांगते. हे मी लिहिणार नव्हते. पहिल्या वर्षी, अगदी सुरुवातीच्या लग्नांत, मी माप घ्यायला चालत यायची तेव्हा तू माझ्यासाठीही संथ वाजवलं होतंस. एकदा नाही, दोनतीनदा. मी वाटेत थांबले, छत्रीनं खुर्चीवर ठोकलं आणि म्हटलं, ताल सुटतोय, नीट धर. तू नीट धरलास. मग वीस वर्षं कधी सोडला नाहीस. त्या दिवशी पाय वर करून बसले असताना मला ते आठवलं आणि मला तुझा राग आला की तिचा की माझा, ते आजवर ठरवता आलेलं नाही. सोपं म्हणून मी तुझा धरला. तो मला अजून पुरतोय, आणि यापुढेही पुरेल असं दिसतंय. हे वाचून विरघळायचं काही कारण नाही. तू गेलास तो गेलास. लेकीला एकोणिसाव्या वर्षी, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, दोन घरांच्या किल्ल्या सांभाळायला लावल्यास. तेव्हा ती मला म्हणाली होती की बाबा निदान खोटं तरी बोलला नाही. तुझी बाजू घ्यायला तिला कायम काहीतरी सापडायचं आणि मला ते ऐकून घ्यावं लागायचं.

सापडायचं म्हणते, कारण आता ती तुझी बाजू घेत नाही. गेला दीड महिना ती तुझ्याशी फोनवर तुटक बोलते, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ‘हो’, ‘नाही’, ‘कळवते’. पूर्वी दवाखान्यातून निघाली की रस्ताभर तुला गोष्टी सांगायची, कुठल्या आजोबांना आज कुबडीशिवाय चार पावलं टाकायला लावली वगैरे. आता चालता चालता ती मोबाईल पिशवीत ठेवते. तुला वाटलं असेल, आईनं कान भरले. तुला नेहमी तेच वाटतं. आणि परवा मी जेवणाच्या टेबलावर पडलेला बसायच्या जागांचा तक्ता पाहिला. तिनं पेन्सिलीनं केलाय, खोडून खोडून. पहिल्या रांगेत मी, जावयाचे आईवडील, त्याची आजी. तू चौथ्या रांगेत आहेस, कडेला, जावयाच्या दवाखान्यातल्या लोकांच्या शेजारी. आधी तुझं नाव फाटकाशी होतं. तुझा हात धरून चालायचं तिनं मनाशी धरलं होतं, निम्म्या वाटेपर्यंत, आणि तिथून पुढे ती एकटी येणार आणि तू येऊन चेलोशी बसणार, तोवर मी एकटीनं धरून ठेवायचं. मी खोडलेलं दिव्याशी धरून वाचलं. किती नीट बसवलं होतं तिनं सगळं. आपली लेक आहे, माप तिला कळतं. त्यावर फुली मारून तिनं बाजूला लिहिलंय, एकटी. मी विचारलं, बाबा चौथ्या रांगेत का गं. तर म्हणाली, पाहुणा म्हणून येणार आहे ना तो, मग पाहुण्यात बसू दे. चिडून नाही म्हणाली. मटारच्या शेंगा सोलत होती, त्या सोलत राहिली. त्या रात्री ती झोपली, मी नाही. काल तिनं विहीणबाईंच्या भाच्याचा स्पीकर घरी आणला आणि मला म्हणाली, राहू दे आई, तू उगाच दमतेस, आपण मोबाईलवर काहीतरी लावू. वाजवणारी माणसं हवीत म्हणून हट्ट धरलेली पोरगी ही.

आता ते. दीड महिन्यापूर्वी दुपारी मी इस्त्री करत होते. लेक आली, पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, आई, तुम्ही दोघं मिळून वाजवाल का माझ्यासाठी, एकदाच. बाबाला मी स्वतः विचारू शकते, पण आधी तू हो म्हण, आणि तूच त्याला विचार, म्हणजे तुला न विचारता ठरलं असं होणार नाही. किती विचार करून बोलली होती. मी विचारते म्हणाले. दोन दिवस मोबाईल हातात घेतला आणि ठेवला. मला सारखं दिसत होतं की ती फाटकातून निघालीय, तू तिच्यासाठी संथ वाजवतोयस, तुझी फुलवाली समोर बसून डोळे पुसतेय, आणि मी शेजारच्या खुर्चीवर ताल धरून बसलेय. ते मला सोसणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी भाजी धुता धुता मी तिला सांगितलं, विचारलं मी त्याला, नाही म्हणाला. पाहुणा म्हणून येईन, वाजवायला येणार नाही, असं म्हणाला. तुझ्या तोंडी शोभावं म्हणून ते वाक्य मी नीट घडवलं होतं, आणि ते इतकं शोभलं की तिनं पुन्हा विचारलंसुद्धा नाही. नुसतं बरं म्हणाली. तिला हे मी सांगायला हवं, तुझ्या आधी तिला. दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि टॉवेल द्यायला आले असं म्हणून परत आले. सात वर्षं मी तुला खोटारडा म्हणत आले. तिनं मात्र तुला तसं कधी म्हटलं नाही, आणि माझं खोटं ऐकून तिनं तुला चौथ्या रांगेत बसवलं. हे पत्र हातात घेऊन तू तिच्याकडे गेलास तरी मी अडवणार नाही. मन बदललं म्हणून सांगितलंस आणि मला झाकलंस, तर तेही तुझं तू ठरव, ते मागायला मला तोंड नाही. तू नाही म्हणाला नव्हतास. तुला कुणी विचारलंच नव्हतं. आज विचारते आहे, दीड महिना उशिरानं. लेकीच्या लग्नात वाजवशील का?

तुझी, फक्त लेकीपुरती,
व्हायोलिनवाली